घरचा उपाय हवाच, पण त्याचा बांध ओळखा



या पानावर मी एरवी लिहितो ते कपाशीच्या बोंडअळीवर, हळदीच्या कंदकुजीवर, नाहीतर पेरणीआधीच्या बीजप्रक्रियेवर. आज जरा वाट सोडून लिहितो आहे. आजचं औषध पिकाचं नाही, माणसाचं आहे. "साहेब, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" असं कोणी म्हणेल आणि म्हणणं रास्तच आहे. मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला, गावोगाव हिंडणारा कृषी सहायक आहे. सरकारी कागदावर आमचं पदनाम आता बदललं आहे, पण गावात अजून तीच ओळख.

पण गावात हिंडणाऱ्या माणसाला सगळंच दिसतं. कोणाच्या ओट्यावर चहा घेताना आतून खोकल्याचा आवाज येतो. कोणाचं लेकरू पांघरुणात मलूल पडलेलं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही साहेब, घरचा उपाय चालू आहे." या एका वाक्याबद्दल मला आज बोलायचं आहे. कारण हे वाक्य कधी कधी अगदी शहाणपणाचं असतं आणि कधी कधी जीवघेणं असतं. दोन्हींतला फरक ओळखायला आपण विसरत चाललो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजीचा अडुळसा

आमच्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर अडुळशाचं झुडूप होतं. त्याच्या बाजूला गवती चहा, पलीकडं कोरफड, तुळस तर अंगणात होतीच. पावसाळा लागला की आजी अडुळशाची पिकली पानं वेचायची, दोन पेले पाण्यात उकळून एक पेला करायची, वर गुळाचा खडा. कडू लागायचं, पण खोकला सुटायचा.

ही निव्वळ समजूत नव्हे बरं का. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. खोकल्याच्या औषधांत जे ब्रोमहेक्सिन वापरतात, ते याच व्हॅसिसीनवरून तयार केलेलं आहे. म्हणजे दुकानातल्या बाटलीचं मूळ आपल्या न्हाणीच्या सांडपाण्यावर आहे. ओव्यात थायमॉल असतं. दात आणि घसा साफ करण्याच्या औषधांत ते आजही वापरतात. हळदीचं तर विचारूच नका. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, त्याला हरकत घेतली. ही विद्या आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे हे जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन सिद्ध केलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. जी गोष्ट आपली आई रोज करते ती सिद्ध करायला एवढी लढाई लढावी लागली, हे हळद पिकवणाऱ्या आपल्या भागानं तरी लक्षात ठेवावं.

तेव्हा मी घरगुती उपायांना नावं ठेवणारा माणूस नाही, हे आधी लक्षात घ्या. पण आजीची दुसरी अर्धी गोष्टही सांगतो. तिचा नियम होता, "तीन दिस घरचं, चवथ्या दिशी दवाखाना. लेकरू मलूल पडलं तर तीन दिस बी थांबू नका." काढा तिला येत होता आणि काढा कुठं थांबवायचा तेही येत होतं. आपण तिचा काढा उचलला, तिचा नियम मात्र तिच्याबरोबरच गेला.

माझ्या हातून झालेली चूक

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. पण दुसऱ्यांना उपदेश करायचा तर आपली चूक आधी सांगितली पाहिजे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यानंतर आम्ही गावोगाव फवारणीच्या सुरक्षिततेवर सभा घेतल्या. मीही घेतल्या. लेबलवरचा तांबडा, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण कसा वाचायचा, हातमोजे, तोंडावर मास्क, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, सगळं पाठ झालेलं.

दोन वर्षांनी, सप्टेंबरातल्या एका दुपारी मी एका गावात कपाशीची पाहणी करत होतो. लिंबाखाली एक फवारणीवाला मजूर बसलेला दिसला. सकाळपासून पंप पाठीवर. अंगाला घामाच्या धारा, तोंडाला पाणी सुटलेलं, दोनदा उलटी झालेली. म्हणाला, "साहेब, डोळ्यापुढं अंधारी येतीय." दमट, उकाड्याचे दिवस होते. मी म्हणालो, "ऊन लागलंय तुला. कांद्याचा रस लावा, लिंबू सरबत पाजा, सावलीत पडू द्या." एवढं सांगून मी पुढच्या गावाला निघून गेलो.

संध्याकाळी फोन आला. त्याला श्वास घेता येईना म्हणून जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं फवारलं?" बाटली कोणी नेलीच नव्हती. मालक मोटरसायकलवर परत शेतात गेला आणि बांधावर पडलेली बाटली घेऊन आला. त्या बाटलीच्या लेबलवर आणि आतल्या माहितीपत्रकात लक्षणं छापलेली होती. घाम, लाळ, उलटी, बाहुली बारीक होणं. खाली उताराही छापलेला होता, ॲट्रोपिन. जे लेबल वाचायला मी शंभर माणसांना शिकवलं, ते मी स्वतः त्या दुपारी वाचलं नाही. घरचा उपाय सांगून मोकळा झालो.

नऊ दिवस तो माणूस दवाखान्यात होता. वाचला. आज भेटला की "या साहेब, पाणी घ्या" म्हणतो. मला ते पाणी गोड लागत नाही. आम्ही दोघांनी मिळून पाच तास घालवले होते. त्यातला पहिला तास तर माझ्याच शब्दानं गेला.

म्हणून हे ध्यानात धरा. फवारणीच्या दिवशी फवारणाऱ्याला मळमळ, घाम, लाळ, अंधारी, डोकेदुखी, हातपाय लटपटणं यातलं काहीही झालं तर ते ऊन नाही, ते विष आहे असंच धरून चाला. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, दवाखाना गाठा आणि बाटली बरोबर न्या. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी श्वासनळीत जाते. चिंचेचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका.

झाडपाला म्हणजे बिनधोक, हे कोणी सांगितलं?

"साहेब, झाडपाला आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?" हे वाक्य मी फार ऐकतो. आश्चर्य याचं वाटतं की हे बोलणाऱ्याच्याच शेतात दशपर्णी अर्काचा ड्रम भरलेला असतो. अहो, त्या ड्रममध्ये काय असतं? कडुलिंब, निर्गुडी, एरंड, कण्हेर, सीताफळ, रुई. सगळा झाडपालाच. तो कीड मारतो म्हणूनच आपण फवारतो ना? मग पाल्यात जोर असतो हे पिकाच्या वेळी कळतं आणि पोटच्या लेकराच्या वेळी कसं विसरतं?

कडुलिंबाचं तेल पाजल्यानं लहान मुलांना झटके येऊन प्राणावर बेतल्याची नोंद वैद्यकात आहे. मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी पोरं उलट्या करत दवाखान्यात गेल्याच्या बातम्या तुम्ही याच पेपरात वाचता. ती झाडं आपण कुंपणाला लावतो. दुधीभोपळ्याचा रस आरोग्याला चांगला म्हणून पिणारे पुष्कळ आहेत. पण कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊन माणसं गेली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं यावर समिती नेमून सांगितलं आहे की रसाची चव कडू लागली तर तो तिथंच फेकून द्या. यात शेतीचाही भाग आहे. पाण्याचा ताण बसला की काकडीवर्गीय फळांत कडूपणा वाढतो. दुष्काळी उन्हाळ्यात आलेला दुधी म्हणूनच जिभेवर ठेवून पाहावा.

करोनाच्या काळात गुळवेल घरोघर उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली आणि वेलीची ओळख चुकली असावी असं म्हटलं. त्या वादात मी पडत नाही. पण आपण त्यातून एवढं तरी घ्यावं की वेल नक्की ओळखल्याशिवाय तोडू नये आणि महिनोन्‌महिने रोज काढा पिऊ नये.

तुम्ही दुकानदाराला विचारता, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली टाकू? जास्त पडलं तर पीक करपतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मग काढ्याला मात्र माप नाही, दिवस नाही, वय नाही, असं का? पिकाला जेवढा हिशेब लावता तेवढाच घरच्यांना लावा, एवढीच माझी मागणी.

घरी काय करावं, बिनधास्त करावं

आता चांगल्या बाजूचं बोलू. काही उपाय असे आहेत की ते घरी व्हायलाच पाहिजेत, दवाखान्याची वाट पाहत बसू नये.

पहिला मान जुलाबावरच्या मीठ-साखर-पाण्याचा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग लावू नका. चव पाहा, डोळ्यातल्या आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करा. थोडं थोडं, सारखं पाजत राहा. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. आशाताईंकडं याचं तयार पाकीट, ओआरएस, मिळतं. ते मिळालं तर तेच उत्तम. पूर्ण पाकीट एकदम एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्धं-अर्धं करायचं नाही. लहान मुलाला त्याबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात, त्याही मागून घ्या. दुकानातली गोड, रंगीत पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द लिहायला मनाई केली आहे.

या साध्या पाण्याची थोरवी ऐका. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथं, पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवलं आणि नातेवाईकांच्या हातानं रुग्णांना पाजलं. जिथं शंभरात तीस मरत होते, तिथं ते प्रमाण चारच्या आत आलं. जगभर कोट्यवधी लेकरं या पाण्यानं वाचली. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. घरचा उपाय म्हणतात तो हा. माप नेमकं आहे, कारण समजलेलं आहे आणि कुठं थांबायचं तेही ठरलेलं आहे. मूल पाणी पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर तासभरही न थांबता दवाखाना.

दुसरा, सर्दी-खोकल्याचा. गरम पाण्याची वाफ मोठ्यांनी घ्यावी. लहान मुलांना उकळत्या पातेल्याजवळ बसवू नका, भाजण्याचीच भीती जास्त. मिठाच्या गुळण्या, गवती चहा, आल्याचा तुकडा, हळद-दूध, हे सगळं चालतं. अडुळसा मोठ्या माणसानं घ्यावा, गरोदर बाईनं घेऊ नये, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये, त्यातून एक प्रकारची विषबाधा होऊ शकते. आणि दोन आठवडे खोकला हटत नसेल तर काढा बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. क्षयरोगाची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.

तिसरा, किरकोळ जखमेचा. खुरपं लागलं, विळा लागला की आपण बांधावरचा दगडी पाला चोळून लावतो. काही ठिकाणी त्याला एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात. रक्त थांबतं हा तुमचा माझा अनुभव आहे. गंमत अशी की ही वनस्पती मूळची अमेरिकेकडची, आणि आपल्या आज्यांनी तिला अशी आपलीशी केली. पण आधी जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. शेणामातीत लागलेली जखम असेल तर पाला लावला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका. हळद लावायची किंवा खायची तर घरच्या हळकुंडाची. बाजारातल्या भडक पिवळ्या पुडीत रंग आणण्यासाठी शिशाचं विषारी संयुग मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. आपण हळद पिकवणारे लोक, आपण तरी ती विकत आणू नये.

चौथा, भाजल्याचा. चटका बसला की वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, शाई नको, दात घासायची पेस्ट नको. किरकोळ चटका गार झाल्यावर कोरफडीचा गर चालतो. फोड मोठा असेल, तोंड, हात किंवा मुलाचं अंग भाजलं असेल तर डॉक्टर.

आणि बाळगुटी? वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून देणारी आजी प्रेमानंच देते. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको, हे आता सगळे डॉक्टर एकमुखानं सांगतात. सहाणेवरचे जंतू तान्ह्या पोटाला पेलत नाहीत. नाळेवर हळद, राख, शेण काही लावायचं नाही. कोरडी ठेवायची, बस्स.

इथं बांध आहे, ओलांडू नका

साप चावला तर मांत्रिक, बिब्बा, कापणं, चोखणं, करकचून आवळणं सगळं बंद. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार प्रमुख विषारी साप, आणि सरकारी दवाखान्यातली लस या चौघांवरही चालते. दुसरा कुठलाही उतारा नाही. त्यातही मण्यारीचं फार सांभाळा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. घरची माणसं पोटदुखी समजून ओवा-मीठ देतात आणि तेवढ्यात श्वास थांबत जातो. पहाटेची पोटदुखी आणि मिटणारे डोळे दिसले की ओव्याच्या डब्याला हात न लावता गाडी काढा.

विंचवाची गोष्ट तर आपल्या मराठवाड्याच्या अभिमानाची आहे. जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. लाल विंचवाच्या दंशानं माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णांपाशी बसून विष काय करतं ते टिपलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी वापरून हे मृत्यू थांबवता येतात हे जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण आहे. "तिथं काय मिळतंय" असं म्हणण्याआधी ते आठवावं.

कुत्रं चावलं तर जखमेत मिरची, चुना, हळद भरू नका. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की मग उपाय उरत नाही.

कावीळ हा सगळ्यात फसवा रोग. प्रत्येक पंचक्रोशीत कावीळ उतरवणारा एकजण असतोच. आता नीट ऐका. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. औषध घ्या की न घ्या. मग ज्याचं पान शेवटी खाल्लं त्याचं नाव होतं. पण गरोदर बाईला झालेली कावीळ तिचा आणि बाळाचा जीव घेऊ शकते. चिखलात काम केल्यावर ताप येऊन झालेली कावीळ लेप्टोस्पायरोसिसची असू शकते, तिला वेळेत प्रतिजैविक लागतं. कोणती कावीळ कोणती, हे डोळ्यांकडं पाहून सांगता येत नाही, रक्त तपासावं लागतं. नाकात कडू थेंब टाकून पिवळं पाणी वाहिलं म्हणजे कावीळ निघाली, हा तर निव्वळ भ्रम आहे.

आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या पुड्या विकणाऱ्यांपासूनही सावध राहा. एका पुडीत गुण आला तर खुश होऊ नका, शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलं आहे. त्यानं दुखणं लपतं आणि हाडं पोखरतात.

परसबाग गेली, मग उपाय कुठून येणार?

आता माझ्या खात्याचं बोलतो. उपायांवर विश्वास वाढतो आहे आणि झाडं कमी होत आहेत, असा हा उलटा कारभार आहे. न्हाणीचं पाणी गटारात गेलं, अडुळशाचं झुडूप काँक्रीटखाली गेलं. बांधावर तणनाशक मारलं की दगडी पाला, माका, आघाडा, पुनर्नवा सगळं एका फवाऱ्यात साफ. मग उरतं ते मोबाईलवर आलेला संदेश वाचून जिथं मिळेल तिथला पाला तोडणं. कपाशीच्या बांधावरची तुळस कालच्या फवाऱ्यात भिजलेली असते आणि आज तिचा काढा होतो. हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून घराजवळ, फवाऱ्यापासून लांब, दोन वाफ्यांची जागा ठेवा. अडुळसा, तुळस, गवती चहा, कोरफड, पुदिना, आलं, हळद, आणि दारात शेवगा आणि कढीपत्ता. अडुळसा फांदीवरून येतो, गवती चहाचं एक ठोंब शेजारणीकडून आणा, खर्च शून्य. सांडपाण्यावर जगतात. या वाफ्यात कीटकनाशकाचा थेंब पडू देऊ नका आणि फवारणीचा पंप तिथं धुऊ नका. कुंपणाची चंद्रज्योत आणि कण्हेर अंगणवाडी-शाळेजवळ असेल तर काढून टाका.

ग्रामपंचायतीनं एवढं करावं

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना माझी हात जोडून विनंती आहे. पैसे लागणार नाहीत अशीच चार कामं सांगतो.

एक. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली तुमच्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. बहुतेक गावांत ती घाईनं भरून कपाटात ठेवलेली आहे. ती बाहेर काढा. गावातल्या जाणत्या बायकांना, वैदूंना बसवा आणि कोणतं झाड, कुठं, कशाला वापरतात ते खरंखरं लिहून घ्या. त्या म्हाताऱ्या दहा वर्षांनी भेटणार नाहीत.

दोन. त्याच बैठकीला आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टरला बोलवा. एकीनं उपाय सांगावा, दुसरीनं त्याची हद्द सांगावी. दोघींत भांडण लावायचं नाही, जोडी जमवायची.

तीन. ग्रामपंचायतीच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर एक फळा रंगवा. डाव्या बाजूला "घरी चालेल", उजव्या बाजूला "लगेच दवाखाना". खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आणि जवळ कोणत्या दवाखान्यात सापाची लस असते त्याचं नाव. हे नाव पावसाळ्याआधी फोन करून खात्री करूनच लिहा.

चार. फवारणीच्या हंगामात ग्रामसभेत एकच सूचना तीनदा सांगा. बाटली फेकू नका, त्रास झाला तर तीच डॉक्टरांना दाखवायची आहे.

बंधूंनो, दवाखाना लांब आहे, रस्ता खराब आहे, खिशात पैसे नसतात, हे मला माहीत आहे. घरचा उपाय करणारा माणूस अडाणी म्हणून करत नाही, अडचण म्हणून करतो. म्हणूनच तर हद्दीची खूण आधी रोवून ठेवली पाहिजे. अडचणीच्या वेळी माणसाला विचार करायला सवड नसते. मला त्या लिंबाखाली नव्हती, आणि मी तर शिकलेला होतो.

येत्या रविवारी एक करा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईजवळ बसा. तिला विचारा, "आजी, खोकल्याला काय देतेस?" ती सांगेल ते वहीत लिहा. मग दुसरा प्रश्न विचारा, "आणि कधी देत नाहीस?" ते पण लिहा. दुसरं उत्तर पहिल्याहून मोठ्या अक्षरात लिहा.